मूर्तीला मुदत असते

गणपती विसर्जनाला निघण्याआधी घरात एक छोटी कृती होते आणि मिरवणुकीच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. आरती आटोपते, निरोपाचा नैवेद्य दाखवला जातो, 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत मूर्तीवर अक्षता वाहिल्या जातात आणि मग ती पाटावरच जराशी सरकवली जाते. शास्त्रापुरतं विसर्जन इथं संपलं. पुढे ढोल-ताशांच्या गजरात नदीवर, खाडीवर किंवा महापालिकेच्या हौदावर जाते ती माती. तिचा मान ठेवायचा, तिला पाय लागू द्यायचा नाही हे खरं. पण देव आधीच निघालेला असतो.

देवाची प्रतिमा करावी की करू नये, हा वाद जगभर झाला आणि आपल्याकडेही झाला. पोथ्या आणि देवघरं जरा जवळून पाहिली, तर मात्र आपल्या परंपरेनं त्याहून जास्त डोकं दुसऱ्याच प्रश्नावर खर्च केलेलं दिसतं. केलेली मूर्ती किती काळ देव राहते, तिला आंघोळ घालायची का, झिजली तर काय आणि तिचा शेवट कुणी, कसा करायचा? मूर्ती करायला परवानगी आहे, पण तिच्यावर मुदत लिहून. ही मुदत विसरली की घोटाळे सुरू होतात, आणि आजचे बहुतेक घोटाळे त्याच जातीचे आहेत.

भागवताच्या अकराव्या स्कंधात कृष्ण उद्धवाला पूजेचा विधी सांगतो. नाथमहाराजांनी हाच स्कंध मराठीत उलगडला, म्हणून वारकऱ्यांच्या घरात तो परका नाही. तिथं प्रतिमांचे आठ प्रकार आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चुन्याची, चितारलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. वाळू आणि मन ही दोन्ही माध्यमं दगडाच्या पंक्तीला बसवणारी ही यादी मला फार आवडते. पण खरी कामाची गोष्ट पुढच्या दोन श्लोकांत आहे. स्थिर मूर्तीला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. ती एकदा बसली की बसली. अस्थिर मूर्तीला दोन्ही करावं किंवा करू नये, आणि स्थंडिलावर, म्हणजे पूजेपुरत्या आखलेल्या जमिनीवर, दोन्ही करायचंच. स्नानाचंही तसंच: लेपाच्या आणि चितारलेल्या प्रतिमेला पाणी घालू नये, ती फक्त पुसून घ्यावी. हा श्लोक देवस्थानांच्या विश्वस्तांनी गाभाऱ्याच्या दारावर लावला असता तर बरीच झीज वाचली असती.

सगळ्यात कमी मुदतीच्या मूर्ती बायकांच्या हातच्या. हरतालिकेला भाद्रपद शुद्ध तृतीयेला ओल्या वाळूचं लिंग करतात, सोबत सखी-पार्वती. दोन-चार मुठी वाळू पुरते. नदीची बारीक वाळू ओली असली की आकार धरते. बांधकामाची चाळलेली जाड वाळू किंवा दगडाची कच धरत नाही, म्हणून शहरात हल्ली पुडीतली वाळू आणून तिच्यात मूठभर माती मिसळावी लागते. ही मूर्ती दुसऱ्या दिवशी मोडते. तिला कारागीर नाही, साचा नाही, रंग नाही. पुढच्या काही दिवसांत त्याच घरात गौरी येतात, तेव्हा एकाच सणात रूपाचे किती प्रकार चालतात ते बघण्यासारखं असतं. देशावर पितळी किंवा शाडूचे मुखवटे, साड्या, दागिने, अगदी माणसाएवढ्या उभ्या महालक्ष्म्या. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे. कोकणात कित्येक ठिकाणी तेरड्याची रोपं. अनुराधा नक्षत्रावर येणं, ज्येष्ठेवर जेवणं आणि मूळावर जाणं तिघींनाही सारखंच. चेहरा असणं-नसणं हा घराण्याचा कुळाचार. नक्षत्र मात्र कुणीच सोडत नाही.

गणपतीच्या मूर्तीचं माप पुराणात आहे. मत्स्यपुराण म्हणतं, घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंत असावी, त्याहून मोठी नको. वीत म्हणजे बारा अंगुळं, साधारण नऊ इंच. शाडूला हे माप मानवतं. शाडू ही बारीक, चिकट, फिकट रंगाची माती आणि आपल्याकडे ती बहुतांशी गुजरातेतून येते. पेणच्या कारखान्यांत काम एका गणेशोत्सवानंतर लगेच पुढच्याचं सुरू होतं, कारण खरा वेळ घडवण्यात नाही, वाळवण्यात जातो. माती चाळून, भिजवून, मळून घेतात. गोळ्यात हवा राहिली तर वाळताना तिथं फोड येतो. मग ती साच्यात सगळीकडे सारख्या जाडीनं दाबायची. प्लास्टरचा साचा मातीतलं पाणी शोषतो, माती किंचित आक्रसते आणि आपोआप सुटते. घाईनं काढली तर साच्याला चिकटते, फार वेळ ठेवली तर आतच तडकते. पुढचा-मागचा भाग जोडताना कडा खरवडून पातळ मातीची लापशी लावतात. हात आणि सोंड नंतर.

शाडू तडकतो तो जाड आणि पातळ भाग जिथं भेटतात तिथं: सोंडेच्या मुळाशी, मनगटाला, पाट आणि मांडी यांच्या सांध्यात. पातळ भाग आधी वाळून आक्रसतो, जाड भाग ओलाच असतो, आणि मधली माती फाटते. म्हणून मूर्ती सावलीत, वारा न लागता वाळवायची. पंखा लावणं म्हणजे तडा मागून घेणं. हात मजबूत व्हावा म्हणून आत लोखंडी तार घालण्याचा मोह नवशिक्यांना होतो. माती आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि तारेच्या रेषेतच चीर जाते. पूर्ण वाळल्यावर पांढरा हात, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांची रेखणी. ती कारखान्यातला सगळ्यात सराईत हात करतो. बुबुळाची जागा गव्हाभर चुकली तर गणपती भक्ताच्या डोक्यावरून पलीकडे बघतो.

एवढं होऊनही शास्त्राच्या लेखी ते खेळणंच असतं. चतुर्थीला यजमान मूर्तीच्या हृदयाला हात लावून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणतो, तुपात बुडवलेल्या दूर्वांनी डोळे उघडतो आणि पंधरा वेळा ओंकार म्हणतो. गर्भाधानापासूनचे पंधरा संस्कार त्या पंधरा ओंकारांत उरकतात. एक आयुष्य दीड मिनिटात. त्या पंधरांत अंत्येष्टी नसते, ती उत्तरपूजेकडे, म्हणजे अक्षता वाहून निरोप देण्याच्या पूजेकडे, राहते. दीड दिवस, पाच, सात, दहा. मुदत कुळाचारानं ठरते आणि पाटावर बसण्याआधीच ती ठाऊक असते.

प्लास्टर ऑफ पॅरिसनं मोडली ती नेमकी ही मुदत. जिप्सम साधारण दीडशे अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि प्लास्टर तयार होतं. त्यात पाणी घातलं की पंधरा-वीस मिनिटांत ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. कारागिराला हे सोयीचं का वाटणार नाही? दिवसांचं वाळवण वाचतं, मूर्ती आतून पोकळ आणि हलकी होते, प्लास्टरमध्ये बुडवलेल्या काथ्यानं आतून बळकटी देता येते, तार चालते आणि वीस फूट उंच उभी राहते. मंडळांच्या उंच मूर्ती शाडूत होत नाहीत त्याचं कारण श्रद्धेत नाही. कच्च्या मातीला ताण सोसत नाही. पण जिप्सम पाण्यात अगदी थोडं विरघळतं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी लागेल, तेही नीट ढवळलेलं. तळ्याच्या तळाशी ती पडून राहते. भरती तिला परत आणून वाळूत टाकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर जे दिसतं ते पाहून आस्तिकाचंही मन उडतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यानंतर पोटापाण्याचा, परंपरेचा आणि पाण्याचा वाद न्यायालयात फिरत राहिला. घरातल्या छोट्या मूर्तीपुरता उपाय मात्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दिलेला आहे आणि तो चालतो. मूर्तीच्या वजनाइतकाच अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाल्यांचा खाण्याचा अमोनिया, बादलीभर पाण्यात घालायचा आणि मूर्ती पूर्ण बुडवायची. अधूनमधून ढवळलं तर लहान मूर्ती दोन दिवसांत मऊ पडते. तळाशी खडूची पूड राहते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट. ते भरपूर पाणी घालून झाडांना चालतं, तसंच ओतलं तर मुळं जळतात. चुकतं ते दोन ठिकाणी: लोक पावडर मोजत नाहीत, आणि बादली बंद न्हाणीघरात ठेवतात. अमोनियाचा वास नाकातोंडात जातो, ती गच्चीत किंवा अंगणात हवी. मूर्तीवर तैलरंगाचा जाड थर असेल तर पाणी आत शिरत नाही, पाठीमागे दोन-तीन भोकं पाडावी लागतात. हे ऐकून काही जण कानांवर हात ठेवतात. देवाला भोक? उत्तरपूजा झाली असेल तर तो देव राहिलेला नाही. ज्यांचा 'यान्तु देवगणाः' या श्लोकावर विश्वास आहे त्यांना खरं तर इथं अडायला नको.

शाडूवाल्यांनीही फार मिरवू नये. शाडू पाण्यात विरघळत नाही, सुटतो आणि गाळ होऊन बसतो. एका विहिरीत शंभर मूर्ती गेल्या तर झरे बुजतात. तो बादलीत भिजवून, गाळून, सुकवून पुन्हा वापरता येतो आणि हे सगळ्यात शहाणपणाचं. अट एकच: त्यात प्लास्टरचा कण जाता कामा नये. गेला तर मातीत खडे होतात, गोळा चिकटपणा सोडतो आणि कारागीर ती माती परत पाठवतो.

आता दुसरं टोक, ज्यांना मुदत नाही ते देव. इथं आपल्या लोकांना माणसाच्या हाताचा फार विश्वास वाटत नाही. अष्टविनायक स्वयंभू आहेत, माहूरची रेणुका तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, आहे. गावोगावच्या म्हसोबा-विरोबांना नाकडोळे नाहीत, असलेच तर चांदीचे, वरून चिकटवलेले. कुणी घडवला हा प्रश्नच उपस्थित होऊ नये अशी ही सोय. त्यावर चढतो शेंदूर. अस्सल शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड, त्यामुळे तो तोंडात जाणं, विशेषतः लहान मुलांच्या, अजिबात ठीक नाही. तेलात कालवून थरावर थर दिले जातात. तेल वर्षानुवर्षं वाळून कडक होतं, आतला थर दगडापासून सुटतो आणि एक दिवस अख्खं आवरण स्वतःच्या वजनानं खाली येतं. देवानं कवच टाकलं, असं म्हणतात, आणि ते वाजतगाजत नदीत सोडतात. मोरगावच्या मयूरेश्वराचं असं कवच १७८८ आणि १८८२ मध्ये उतरल्याचं सांगतात. म्हणजे न संपणाऱ्या देवालाही कात टाकायची मुभा आहे. मुंबईच्या सिद्धिविनायकाला दरवर्षी शेंदूर लावतात, तेव्हा काही दिवस मूळ मूर्तीचं दर्शन बंद असतं आणि लोक प्रतिमेला हात जोडून समाधानानं परत जातात. वणीच्या सप्तशृंगीवरचा हजार किलोंहून अधिक शेंदूर २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा आतलं कोरीव रूप दिसलं. पिढ्यान् पिढ्या ज्या चेहऱ्याला नवस बोलले तो लेपाचा होता, हे भाविकांनी काही दिवसांत पचवलं. मला यात श्रद्धेचा कमकुवतपणा दिसत नाही, उलट बराच लवचिकपणा दिसतो.

खरी ओढाताण होते ती कोरीव दगडी मूर्तीची. पंढरपुरात पायांवर डोकं ठेवायचं, ही तर वारीची मिळकत. रोजच्या हजारो हातांचा घाम, तेल आणि कपाळाचा बुक्का, त्यात शतकानुशतकांचं पंचामृत. दही आंबट, मध आणि साखर चिकट. दुधातली स्निग्धता दगडाच्या छिद्रांत बसते, तिच्यावर बुरशी धरते आणि ती घासून काढताना दगडाचा पदर जातो. पुरातत्त्व खात्यानं विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना लेप दिला, जून २०२० मध्येही दिला. कोल्हापूरच्या अंबाबाईला १९५५ मध्ये वज्रलेप झाला आणि २०१५ मध्ये खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी पुन्हा काम केलं. त्याआधी कलाकर्षण विधी झाला: देवीचं तत्त्व कलशात घेतलं, रिकाम्या दगडावर काम केलं आणि मग तत्त्व परत मूर्तीत. मस्तकावरच्या नागाचा आकार उठवला नाही म्हणून नंतर वादही झाला. अभिषेक आता उत्सवमूर्तीवर होतात.

वज्रलेप हा शब्द जुना आहे, आजचं रसायन नवं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची पाककृतीच आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणाची साल आणि वेखंड एक द्रोण (हे जुनं माप) पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं. मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल असे डिंक-तेलांचे पदार्थ वाटून घालायचे आणि लेप गरम असतानाच लावायचा. तो कोटी वर्षं टिकतो असा दावा आहे, तो सोडून देऊ. या जुन्या लेपात आणि आजच्या इपॉक्सीत, म्हणजे कृत्रिम राळेच्या लेपात, एक फरक लक्षात घ्यावा. इपॉक्सीचा पापुद्रा पाणी बाहेर जाऊ देत नाही. दगडात खालून ओल चढत असेल तर ती पापुद्र्यामागे साठते, क्षार तिथंच स्फटिक होतात आणि लेप दगडाचा पदर घेऊनच सुटतो. म्हणजे आधी गाभाऱ्याची ओल आणि पंचामृत थांबवायचं, मग लेप. उलट्या क्रमानं केलं की काही वर्षांनी पुन्हा तेच. भागवतातला 'पुसून घ्या' हा सल्ला लेप दिलेल्या दगडालाही लागू व्हायला हरकत नसावी.

संतांनी या सगळ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. 'एकै पाथर कीजै भाउ, दूजै पाथर धरिऐ पाउ' असं नामदेव म्हणाले आणि ते पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहे. पुढं तुकोबा: 'पाषाण देव पाषाण पायरी । पूजा एकावरी पाय ठेवी'. गंमत अशी की पंढरीच्या महाद्वारातली नामदेवांची पायरी ही आज महाराष्ट्रातली सगळ्यात कमी तुडवली जाणारी पायरी आहे. लोक तिच्यावर पाय न देता डोकं टेकवतात. महानुभावांनी देवतांच्या मूर्ती नाकारल्या, पण चक्रधरस्वामी जिथं बसले त्या जागांचे ओटे बांधले आणि त्यांच्या स्पर्शाचे दगड जपले. मोहरमचे ताबूत याच वाटेवरचे: बांबू आणि कागदाची ती कबरीची प्रतिकृती, व्यक्तीची नव्हे. दरवर्षी नवी बांधायची आणि थंड करायची, आणि खांदा द्यायला आपल्याकडे हिंदू घरंही असतात.

देवघरातला टाक या दोन टोकांच्या मध्ये बसतो. कोरीव ठशावर चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर शिशाचा तुकडा ठेवून ठोकलं की खंडोबा-म्हाळसा घोड्यासकट उठतात. मागे तांब्याचा पत्रा दुमडून बसवतात. टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवायचा, भाऊ वेगळे झाले की नवा घडवायचा. तो झिजतो तो भक्तीनं कमी, चिंच-राखेनं जास्त. उठावाचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे देवाचं नाक आणि घोड्याचं तोंड, आधी पातळ होतो आणि मग फाटतो. कोमट पाणी, रिठा आणि मऊ कापड एवढं पुरे. फाटला तर जुनी चांदी आटवून नव्यात मिसळतात, आणि बऱ्याच घरांत हा क्रम इतका सहज चालतो की त्याला कुणी समारंभ म्हणत नाही. मोठ्या भग्न मूर्तींसाठी अग्निपुराणात असाच रोकडा नियम आहे: लाकडाची जाळावी, दगडाची पाण्यात सोडावी, धातूची आणि रत्नाची खोल पाण्यात किंवा समुद्रात.

या सगळ्या हिशेबात न बसणारी प्रतिमा एकच, छापील. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती शिळाछापातून घरोघर गेल्या. आता दिनदर्शिका, लग्नपत्रिका, उदबत्तीचा पुडा, मिठाईचा खोका, सगळीकडे देव आहे. त्याची प्राणप्रतिष्ठा कुणी केली नाही, म्हणून उत्तरपूजाही ठरलेली नाही. मुदत नसलेली प्रतिमा संपवायची कशी हे कळत नाही, म्हणून जुन्या तसबिरी पिंपळाच्या पारावर आणि नदीच्या पुलाखाली जातात. तिथं पावसात काच फुटते, खिळे सुटतात आणि देव चिखलात पालथा पडतो. आदर म्हणून केलेली गोष्ट इतकी अनादराची क्वचितच होते.

नियम लावायचा तर तो भागवतातल्या त्या आठ प्रकारांतच सापडतो. तसबीर ही चितारलेली प्रतिमा. तिला पाणी नाही. गंध-कुंकू काचेवर लावायचं, कागदावर नाही, आणि ओल्या फडक्यानं काच पुसायची नाही. ओल चौकटीच्या कडेनं आत झिरपते, कागद काचेला चिकटतो आणि चित्रावर तपकिरी डाग पडतात. काढायची वेळ आली तर मागचे खिळे पक्कडीनं उपटून काच, पुठ्ठा, लाकूड आणि कागद वेगळे करावेत. काच भंगारात, लाकूड बंबात. पुठ्ठा बहुधा ओला आणि वाळवी लागलेला असतो, तो घरात ठेवू नये. कागद साधा असेल तर हात जोडून बादलीत भिजवावा, त्याचा लगदा झाडाच्या मुळाशी जातो. प्लास्टिकचा मुलामा असलेला चकचकीत कागद भिजत नाही, तो रद्दीतही चालत नाही. अशी तसबीर मुळात विकत न घेणं हाच त्यावरचा विधी.